अंकीय इलेक्ट्रॉनिकीच्या परिभाषेचा इतिहास

विद्युत् दाबाच्या केवळ दोन पातळ्या अर्थपूर्ण मानून त्यांच्या साहाय्याने अंक, अक्षरे व आज्ञा दर्शविणाऱ्या विद्युत् मंडलांचा अभ्यास म्हणजे अंकीय इलेक्ट्रॉनिकी होय. बिट, बाइट, फ्लिप-फ्लॉप, तर्कद्वार, रजिस्टर, बस, पोर्ट, सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) व सूक्ष्मनियंत्रक (मायक्रोकंट्रोलर) हे या शाखेतील मूलभूत शब्द आहेत. ते कोणा एका समितीने बसून ठरविलेले नाहीत. गणित, दूरध्वनी, विमानवेधी तोफा, कापडगिरण्या, पेशींच्या शरीरक्रियाविज्ञानाचे संशोधन व व्यापारी जाहिराती अशा अनेक ठिकाणांहून ते आले आणि येताना आपापल्या जन्मस्थानाचे काही अवशेष घेऊन आले. पुष्कळदा यंत्र बदलले, शब्द मात्र टिकला. त्यामुळे शब्दाचा आजचा वापर आणि त्याचा वाच्यार्थ यांत पडलेले अंतर इतिहास पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

शून्य व एक ही चिन्हे येथे प्रत्यक्ष वस्तू नसून संकेत आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ५ व्होल्ट विद्युत् दाबावर चालणाऱ्या टीटीएल (ट्रँझिस्टर-ट्रँझिस्टर तर्क) प्रकारच्या मंडलांत आदान अग्रावरील ०·८ व्होल्टपर्यंतचा दाब ‘शून्य’ व २·० व्होल्टपासून पुढचा दाब ‘एक’ समजला जातो. यांमधील पट्ट्यास कोणताही अर्थ नाही. प्रदान देणाऱ्या मंडलाने मात्र शून्यासाठी ०·४ व्होल्टपेक्षा अधिक आणि एकासाठी २·४ व्होल्टपेक्षा कमी दाब देऊ नये, असे बंधन असते. दोन्ही बाजूंस राहणारे हे ०·४ व्होल्टचे अंतर म्हणजे गोंगाटासाठी (अनिष्ट विद्युत् विक्षोभासाठी) राखलेली सवलत होय. अंकीय मंडले सदृश मंडलांपेक्षा विश्वसनीय का ठरतात, याचे उत्तर या लहानशा सवलतीत आहे. प्रत्येक टप्प्यावर संदेश थोडासा बिघडला, तरी पुढील टप्पा तो पुन्हा शुद्ध करून घेतो.

पूर्वेतिहास : केवळ दोन चिन्हांनी सर्व संख्या लिहिण्याच्या द्विमान पद्धतीचे विवेचन गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स यांनी १७०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. छंदःशास्त्रकार पिंगल यांच्या ग्रंथातील प्रस्ताराचा उल्लेख या संदर्भात नेहमी केला जातो. तो अप्रस्तुत नाही. लघू व गुरू या दोनच खुणांनी तीन अक्षरांचे नेमके आठ गण होतात, ते तीन द्विमान अंकांनी आठ मूल्ये दर्शविता येतात त्याच कारणाने. तथापि पिंगलांचा विषय वृत्तांची गणना हा होता. त्यात संगणकाची बीजे शोधणे हे त्यांच्या ग्रंथाचे खरे मूल्य झाकण्यासारखे आहे.

जॉर्ज बूल यांनी १८४७ मध्ये व पुढे १८५४ मध्ये तर्काचे बीजगणित मांडले, तेव्हाही त्यांच्या डोळ्यांसमोर यंत्र नव्हते. यंत्र होते ते चार्ल्स बॅबेज यांच्यासमोर. १८३० नंतरच्या काळात आखलेल्या आपल्या वैश्लेषिक यंत्राच्या दोन प्रमुख भागांना त्यांनी ‘कोठार’ व ‘गिरणी’ या अर्थाची इंग्रजी नावे दिली. संख्या कोठारात ठेवावयाच्या, तेथून गिरणीत आणावयाच्या, दळून झाल्यावर पुन्हा कोठारात न्यावयाच्या, अशी ही कल्पना होती. इंग्लंडमधील गिरण्यांच्या युगाला ती साजेशी होती. गिरणी पुढे विस्मृतीत गेली. कोठार मात्र ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञांच्या लिखाणात शंभर वर्षांनंतरही टिकून होते. अमेरिकेत त्याची जागा ‘स्मृती’ या शब्दाने घेतली. त्यास जॉन फोन नॉयमान यांचा १९४५ चा एडव्हॅक संगणकाविषयीचा मसुदा बव्हंशी कारणीभूत झाला. या मसुद्यात यंत्राच्या भागांना ‘इंद्रिये’ म्हटले असून मंडलांची तुलना तंत्रिका कोशिकांशी केली आहे. कोठारात वस्तू ठेवतात व स्मृतीत अनुभव राहतो. यंत्राच्या बाबतीत यांपैकी पहिला शब्द अधिक प्रामाणिक होता, असे म्हणावे लागते.

मंडलांची नावे : दोन स्थिर अवस्था असणारे व दिलेली अवस्था राखून ठेवणारे पहिले इलेक्ट्रॉनीय मंडल विल्यम हेन्री एकल्स व फ्रँक विल्फ्रेड जॉर्डन या ब्रिटिश भौतिकीविज्ञांनी दोन निर्वात नलिका वापरून तयार केले. १९१८ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला व १९१९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी त्याला ‘चाप-रिले’ अशा अर्थाचे नाव दिले होते. बंदुकीचा चाप ओढताच जसा बार उडतो, तसे अल्प संदेशाने हे मंडल एका अवस्थेतून दुसरीत जाते. डायोड हा शब्दही १९१९ मध्ये एकल्स यांनीच घडविला. ‘फ्लिप-फ्लॉप’ हे ध्वन्यनुकारी नाव त्यानंतरचे असून त्याचा अर्थ दीर्घकाळ एक नव्हता. अमेरिकेत ते दोन स्थिर अवस्थांच्या मंडलास लावीत, तर ब्रिटिश ग्रंथांत काही काळ एकच स्थिर अवस्था असलेल्या मंडलास ते नाव होते. जुन्या पुस्तकांवरून मंडल जुळविणाऱ्याची यामुळे फसगत होणे साहजिक होते. फ्लिप-फ्लॉपच्या ‘जे-के’ या प्रकारातील अक्षरे जॅक किल्बी यांच्या नावावरून आली, अशी आख्यायिका विद्यार्थ्यांत प्रचलित आहे. तिला आधार नाही.

ऑटो श्मिट या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थिदशेत असताना १९३४ मध्ये योजिलेले आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेले मंडल आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. हळूहळू चढणाऱ्या दाबातून ते स्वच्छ शून्य वा एक काढून देते. चढताना व उतरताना त्याचे उंबरठे वेगळे असतात, म्हणून मधल्या थरथरीने ते गोंधळत नाही. श्मिट त्या वेळी माकूल या सागरी प्राण्याच्या तंत्रिकांमधील संदेशांचा अभ्यास करीत होते. फोन नॉयमान यांना मंडलात तंत्रिका दिसण्यापूर्वीच तंत्रिकेवरून मंडल घडले होते.

बूल यांचे बीजगणित व मंडले यांचा दुवा क्लॉड एल्‌वुड शॅनन यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आपल्या १९३७ च्या प्रबंधात जोडला. तो १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरध्वनी केंद्रांतील रिलेंची (एका प्रवाहाने दुसऱ्या मंडलाची उघडझाप करणाऱ्या विद्युत् चुंबकीय खटक्यांची) जुळणी हा त्यांचा विषय होता. एकसरीत जोडलेले खटके म्हणजे ‘आणि’, अनेकसरीत जोडलेले म्हणजे ‘किंवा’, हे त्यांनी दाखवून दिले. जपानमधील अभियंते आकिरा नाकाशिमा हेही त्याच दशकात स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षांप्रत पोहोचले होते. पूर्वी मंडल सुधारणे हे अनुभवी कारागिराचे काम होते. आता ते कागदावर समीकरण सोपे करण्याचे काम झाले. अशा मूलभूत मंडलास ‘द्वार’ हे नाव पडले, कारण त्यात एक संदेश पहारेकऱ्याप्रमाणे दुसऱ्यास आत सोडतो वा अडवितो. यांतील ‘आणि’ च्या नकाराचे ‘नँड’ हे द्वार एकटेच इतर सर्व द्वारांचे काम करू शकते. हेन्री शेफर यांनी १९१३ मध्ये तर्कशास्त्रात सिद्ध केलेली ही गोष्ट पन्नास वर्षांनी उद्योगाच्या उपयोगी पडली. टीटीएल मालिकेतील ७४०० या पहिल्या क्रमांकाच्या १४ अग्रांच्या चिपमध्ये अशी चार द्वारेच आहेत.

अंकीय, बिट व बाइट : ‘डिजिटल’ या विशेषणाच्या मुळाशी बोट या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांच्या नियंत्रणासाठी अनेक योजना अमेरिकेत पुढे आल्या. त्यांपैकी काहींत विद्युत् स्पंद मोजले जात व त्यांना ‘स्पंद’ साधने म्हटले जाई. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील जॉर्ज रॉबर्ट स्टिबिट्झ यांनी एप्रिल १९४२ मधील एका टिपणात या शब्दाऐवजी ‘डिजिटल’ हा शब्द सुचविला. स्पंद हे मोजणीचे केवळ एक साधन होते. त्या यंत्रांचे वैशिष्ट्य मोजणी हेच होते. ‘अंकीय’ या मराठी शब्दात बोट राहिले नाही, मोजणी राहिली. बोटांच्या पेरांवर हिशेब करणाऱ्यांच्या भाषेत त्याची उणीव भासण्याचे कारण नाही.

‘द्विमान अंक’ या इंग्रजी शब्दसमूहाचा संक्षेप करून ‘बिट’ हा शब्द जॉन वाइल्डर ट्यूकी यांनी १९४७ च्या सुरुवातीस बनविला. शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या संदेशवहन सिद्धांतावरील लेखात तो वापरला व त्याचे श्रेय ट्यूकी यांना दिले. तेथे मात्र त्याला आणखी एक अर्थ चिकटला. नाणेफेकीचा निकाल कळल्याने जेवढी अनिश्चितता दूर होते, तेवढ्या माहितीचे माप म्हणजे एक बिट. तारेवरचा शून्य वा एक हा नेहमीच पूर्ण एक बिट माहिती देतो असे नाही. निकाल आधीच ठाऊक असेल, तर तो काहीच माहिती देत नाही. चिन्ह व माप यांसाठी एकच शब्द वापरल्याने झालेला हा घोटाळा पाठ्यपुस्तकांत अद्याप आढळतो.

‘बाइट’ हा शब्द आयबीएम कंपनीतील वेर्नर बुखहोल्ट्स यांनी १९५६ मध्ये ‘स्ट्रेच’ या संगणकाच्या आखणीत योजिला. इंग्रजीतील ‘घास’ या अर्थाच्या शब्दावरून तो घेतला होता. ‘बिट’ शी गोंधळ होऊ नये म्हणून त्याचे लेखन मुद्दाम बदलण्यात आले. हा घास आरंभी ठरावीक आकाराचा नव्हता. आठ बिटांचा बाइट रूढ झाला तो १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० या संगणकमालिकेमुळे. यामागे इंग्रजी मुळाक्षरे, अंक व विरामचिन्हे सामावून घेण्याची गरज होती. ‘एक बाइट म्हणजे एक अक्षर’ अशी जी व्याख्या शाळेत पाठ करविली जाते, तिच्यातील अक्षर हे रोमन अक्षर आहे. देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये स्वीकारलेल्या इस्की या प्रमाणकात, ज्याच्या घडणीत पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा मोठा वाटा होता, ‘मराठी’ या शब्दाला पाच बाइट पुरत. युनिकोडच्या यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या लेखनसंकेतात त्याच शब्दाला पंधरा बाइट लागतात, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. रोमन लिपीतील पाच अक्षरे त्यात पाच बाइटांतच बसतात. स्मृती महाग होती, त्या काळात हा फरक नुसता तात्त्विक राहिला नसता.

बाइटहून मोठा समूह म्हणजे ‘शब्द’. हा भाषेतील शब्द नव्हे. यंत्र एका वेळी जेवढे बिट हाताळते, तेवढ्यांचा तो गट असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या व १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सु. २,७०० निर्वात नलिका होत्या आणि त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आज एखाद्या खेळण्यातील सूक्ष्मनियंत्रकातही याहून अधिक स्मृती असू शकते.

‘किलो’ ची कथा वेगळी आहे. मेट्रिक पद्धतीत किलो म्हणजे १,०००. पण द्विमान पद्धतीत सोयीची संख्या १,०२४ (दोनचा दहावा घात) असल्यामुळे तिलाच किलो म्हणण्याचा प्रघात पडला. सव्वादोन टक्क्यांहून थोडा अधिक असा हा फरक कोणी मनावर घेतला नाही. परंतु ‘टेरा’ पर्यंत पोहोचता तो जवळजवळ दहा टक्के होतो. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिकी आयोगाने १९९८ मध्ये द्विमान मापांसाठी किबी, मेबी यांसारखी निराळी उपपदे ठरवून दिली, तरी ती बोलण्यात उतरली नाहीत. विक्रेता दशमान पद्धतीने मोजतो, यंत्र द्विमान पद्धतीने दाखविते आणि आपल्याला कमी माल मिळाला असे ग्राहकास वाटते.

बाइटांचा क्रम कोणत्या टोकाकडून लावावा, या वादाला डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या टिपणात गलिव्हरच्या प्रवासातील अंडे फोडणाऱ्या पंथांची नावे दिली. ती थट्टा होती. आज ती गंभीर परिभाषा आहे. ‘बस’ या शब्दाचा मात्र थट्टेशी संबंध नाही. ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दापासून प्रवासी गाडीचे नाव आले, तसेच विद्युत् केंद्रातील सामायिक धातुपट्टीचेही आले. चिपच्या आतील सामायिक तारांचा जुडगा हा या दुसऱ्या बसचा वंशज होय.

सूक्ष्मनियंत्रक : ट्रँझिस्टर (१९४७), जॅक किल्बी यांचे संकलित मंडल (१९५८) व रॉबर्ट नॉइस यांची त्याची सुधारित आवृत्ती (१९५९) यांचा इतिहास सर्वपरिचित आहे. सिलिकॉनच्या कपच्यास ‘चिप’ हे सुताराच्या वा पाथरवटाच्या कामातील नाव मिळाले. बिझिकॉम या जपानी गणनयंत्र कंपनीच्या मागणीवरून अमेरिकेतील इंटेल कंपनीने ४००४ ही चिप बनविली व नोव्हेंबर १९७१ मध्ये ती बाजारात आणली. टेड हॉफ, स्टॅन्ली मेझर, फेदेरीको फाज्जीन व मासातोशी शिमा हे तिचे शिल्पकार. चार बिटांच्या या सूक्ष्मप्रक्रियकात सु. २,३०० ट्रँझिस्टर होते. मात्र त्याला काम करण्यासाठी आज्ञा साठविणारी, आधारसामग्री साठविणारी व बाहेरील साधनांशी जोडणारी चिप वेगळी लागे.

हे सर्व भाग एकाच चिपवर आणण्याचे काम टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत गॅरी बून व मायकेल कॉक्रन यांनी त्याच वर्षी केले. त्यातून निघालेली टीएमएस १००० ही मालिका १९७४ पासून इतरांना विकत मिळू लागली. तिच्यात १,०२४ बाइट आज्ञा व चार बिटांचे ६४ गट एवढीच आधारसामग्री मावे. ‘सायमन’ हे १९७८ चे लोकप्रिय दिव्यांचे खेळणे तिच्यावरच चाले. इंटेलची ८०४८ ही चिप १९७६ मध्ये आली आणि १९८१ च्या आयबीएम व्यक्तिगत संगणकाच्या कळफलकात बसली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निर्माते या चिपांना तेव्हा ‘एकचिप सूक्ष्मसंगणक’ म्हणत. पुढे मेजावरच्या लहान संगणकास सूक्ष्मसंगणक म्हणण्याची रीत पडली आणि १९८० च्या दशकात ‘सूक्ष्मनियंत्रक’ हे नाव स्थिरावले. हा बदल योग्यच झाला. धुलाई यंत्रातील चिप आकडेमोड करते, पण ती विकत घेतली जाते पाणी व चाती यांवर ताबा ठेवण्यासाठी.

इंटेलने १९८० मध्ये काढलेल्या ८०५१ या चिपने ही परिभाषा भारतातील तंत्रनिकेतनांपर्यंत पोहोचविली. ४,०९६ बाइट आज्ञास्मृती, १२८ बाइट आधारसामग्रीस्मृती, आठ-आठ तारांचे चार पोर्ट, दोन कालमापक-गणक व एक एकसरी पोर्ट असा तिचा संसार होता. १२ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर तिचे एक यंत्रचक्र बरोबर एक मायक्रोसेकंदाचे होते. हा हिशेब इतका सुटसुटीत आहे की, विद्यार्थ्यास शिकविण्यासाठीच ती बनविली असावी असे वाटते. इंटेलने २००७ मध्ये तिचे उत्पादन थांबविले. तरी अन्य कंपन्या त्याच रचनेच्या चिप बनवीत राहिल्या. तिच्या वर्णनात ‘हार्व्हर्ड रचना’ असा शब्दप्रयोग येतो. आज्ञा व आधारसामग्री वेगळ्या स्मृतींत ठेवणे, हा त्याचा अर्थ. १९४४ च्या हार्व्हर्ड मार्क १ यंत्रात आज्ञा कागदी फितीवर असत हे खरे, पण त्या काळी हे नाव कोणी वापरीत नव्हते. सूक्ष्मनियंत्रकांच्या युगात ते मागाहून लावले गेले.

आज्ञा कायम ठेवणाऱ्या स्मृतीस ‘केवळ वाचनीय’ म्हणत. ती कारखान्यातच भरली जाई व चूक झाल्यास चिप फेकून द्यावी लागे. डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये इंटेलमध्ये शोधलेली स्मृती क्वॉर्ट्‌झच्या खिडकीतून जंबुपार (अतिनील) किरण टाकून पुसता येई. केवळ वाचनीय स्मृती पुसता व पुन्हा लिहिता यावी, हा वदतोव्याघात कोणास खटकला नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जाहीर केलेल्या स्मृतीचे ‘फ्लॅश’ हे नाव त्यांच्या सहकाऱ्याने, ती क्षणात पुसली जाते म्हणून, छायाचित्रणातील झगमगाटावरून सुचविले. नॉर्वेतील ट्रॉनहेम येथील दोन विद्यार्थ्यांच्या आराखड्यावरून निघालेल्या एव्हीआर मालिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही स्मृती चिपमध्येच आली. त्याच मालिकेवर आधारलेल्या आर्ड्विनो या इटालियन फलकाने २००५ पासून हा विषय अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर नेला.

परिभाषेतील वाद व मराठी पर्याय : मुख्य मंडल व त्याच्या तालावर चालणारे दुय्यम मंडल यांना ‘मालक’ व ‘गुलाम’ म्हणण्याची प्रथा इलेक्ट्रॉनिकीपेक्षा जुनी आहे. केप टाउनच्या वेधशाळेतील घड्याळांविषयी डेव्हिड गिल यांनी १९०४ मध्ये ही नावे वापरल्याचे आढळते. यंत्रविद्येतील निरुपद्रवी उपमा म्हणून तिच्याकडे पाहिले गेले. तथापि २००३ मध्ये लॉस अँजेल्स परगण्याच्या प्रशासनाने ही नावे टाळण्याची सूचना पुरवठादारांना केली. फिलिप्स कंपनीच्या १९८२ मधील दोन तारांच्या आयटूसी बसच्या प्रमाणकात २०२१ मध्ये त्यांच्या जागी ‘नियंत्रक’ व ‘लक्ष्य’ या अर्थाचे शब्द घातले गेले. जुनी पुस्तके व माहितीपत्रके अर्थातच जुनेच शब्द बोलतात.

मराठीत या परिभाषेचे दोन थर दिसतात. द्विमान, स्मृती, तर्कद्वार, अर्धसंवाहक हे संस्कृतोद्भव शब्द गणित व भौतिकीच्या वळणाने आले. बिट, बाइट, पोर्ट, बस हे दुकानात व प्रयोगशाळेत जसे ऐकले तसे घेतले गेले. केंद्र शासनाने १९६१ मध्ये स्थापन केलेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाचा कल पहिल्या थराकडे राहिला, तरी आंतरराष्ट्रीय एककांची नावे तशीच ठेवावी, हे तत्त्व त्यानेही मानले. पर्यायी शब्द घडविताना अडचण येते ती दोन ठिकाणी. ‘पोर्ट’ च्या मुळाशीही दरवाजा या अर्थाचा लॅटिन शब्द असल्याने त्यास ‘द्वार’ म्हटले, की तर्कद्वाराशी गल्लत होते. येथे पोर्ट हाच शब्द ठेवणे इष्ट. ‘इंटरप्ट’ साठी ‘व्यत्यय’ हा शब्द योजतात. पण व्यत्यय नकोसा असतो, आणि हा संदेश तर चिप वाट पाहत असते असा. दारावरची कडी वाजावी, हातातले काम खुणेपाशी ठेवून दार उघडावे व परत त्याच खुणेपासून काम सुरू करावे, असे त्याचे स्वरूप आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणास मान्यता दिल्यानंतर अशा शब्दांची निवड पाठ्यपुस्तककारांना प्रत्यक्ष करावी लागत आहे. त्यांच्या पुस्तकांत व्यत्यय, इंटरप्ट व खंडन हे तिन्ही पर्याय सध्या संभवतात. यांपैकी ‘खंडन’ हा शब्द तर्कशास्त्रात निराळ्या अर्थाने रूढ असल्यामुळे टाळावा.